काचेवर मोडलेली धार

मी एक वस्तरा बोलतो आहे, आणि प्रारंभीच मान्य करतो की माझ्या आयुष्यात जे घडले त्याचा अर्थ मला अद्याप नीटसा लागलेला नाही. जेवढे कळले तेवढे क्रमाने निवेदन करतो.

माझे पाते पोलादाचे, मूठ शिंगाची. बत्तीस वर्षे मी एकाच न्हाव्याच्या हाती होतो. रोज सकाळी तो मला दगडावर फिरवी, मग चामड्याच्या पट्ट्यावर ओढी, आणि दिवसभर मी परक्या गालांवरून चाले. गिऱ्हाइके त्याच्याशी तावातावाने वाद घालीत. मात्र मी गळ्यापाशी पोहोचताच त्यांना त्याचे म्हणणे एकाएकी पटे. ह्याचे कारण मला कधीच समजले नाही.

पुढे आजारपणात त्याचा उजवा हात लुळा पडला. दुकान बंद झाले आणि मी खणात जाऊन पडलो. मला बाहेर काढले ते त्याच्या शिवणकाम करणाऱ्या मुलीने.

"आबा, दुकान मी चालवते."

"कात्री चालवणं वेगळं, वस्तरा वेगळा, बाई."

"मग शिकवा."

"आधी याला धार लावून दाखव. माझ्या गालावर चालला, तर दुकान तुझं. नाहीतर महिनाअखेरीस जागा सोडतो म्हणून मालकाला सांगून टाकतो."

पहिल्या दिवशी तिने माझी पाठ दगडावरून उचलून धरली.

"अगं, सुरी आहे का ती? पाठ टेकव. पाठ आणि धार, दोन्ही दगडाला लागली पाहिजेत. आणि दाबू नकोस."

तिने हात हलका केला.

"इतकं हळू? दगडाला कळू तरी दे."

"दाबू की नको?"

"दोन्ही."

ती बुचकळ्यात पडली, मीही पडलो. दगडावर धार पुढे चालते, पट्ट्यावर मात्र पाठ पुढे. हे विसरून तिने मला पट्ट्यावर उलटे ढकलले आणि चार बोटे चामडे कापले गेले.

"बाप आहे म्हणून गप्प बसलोय. उस्ताद असतो, तर हाकलून दिलं असतं."

"मग थोडा वेळ बापच राहा."

तिसऱ्या आठवड्यात माझ्या नुसत्या स्पर्शाने तिच्या मनगटावरची लव उतरू लागली. तिने मोठ्या अभिमानाने मला पुढे केले. त्याने निरखून पाहिले, तेलाची बाटली मागितली, आणि डाव्या हाताने माझी धार बाटलीच्या काचेच्या काठावर एकदाच, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. मी ठार बोथट झालो.

"आबा, हे काय केलंत?"

"ती धार माझीच होती. तू नुसती घासून उजळलीस. आता तुझी लाव."

महिना संपायला चार दिवस उरले होते. धार त्याची की तिची, असा प्रश्न निघू शकतो हेच मला नवीन होते. मी तर इतकी वर्षे ती माझी समजत होतो.

दोन दिवस ती त्याच्यावर रुसून होती. दगड मात्र सोडला नाही. पूर्वी प्रत्येक फेरीनंतर ती बापाचे तोंड पाही. आता मान खाली घालून केवळ माझा आवाज ऐके. तो मुद्दाम खाकरे. ती वर बघत नसे.

अखेरच्या दिवशी तो खुर्चीत बसला. त्याची स्वतःची दाढी आजवर शेजारचा न्हावी करीत असे. त्यामुळे ह्या गळ्याशी माझी गाठ प्रथमच पडत होती. कानाखाली रक्ताचा एक थेंब आला. ती थबकली.

"थांबलीस कशाला? दुसरा गाल राहिलाय."

दाढी पुरी झाल्यावर त्याने डावा तळवा गालावरून उलटा फिरवला.

"मालकाला सांग, जागा सोडत नाही."

"तुम्हीच सांगा की."

"दुकान कुणाचं? तुझं का माझं?"

आता मी तिच्या आरशापुढील फळीवर असतो. त्याने तिला शाबासकी दिली नाही, ह्याला मी साक्षी आहे. परंतु रोज सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी तो खुर्चीत येऊन बसतो, हनुवटी वर करतो आणि डोळे मिटून घेतो. ह्यालाच माणसे शाबासकी म्हणतात काय? आपणांपैकी कोणास ठाऊक असल्यास मला अवश्य कळवावे, ही नम्र विनंती.