आपाची हालचाल समाधानकारक आहे

आमच्या आईची, म्हणजे आपाची, काळजी घ्यायला माझ्या धाकट्या भावाने, तालायने, एक यंत्रणा नेमली. नेमली असेच म्हणावे लागेल, कारण काम मुळात त्याचे होते. आमच्यात आईवडील धाकट्या मुलाजवळ राहतात. लेकीने आईला आपल्याकडे, म्हणजे जावयाच्या घरी, नेले तर दोन्ही घरांची नाचक्की होते. त्यामुळे मी काराकोलला शाळेत साहित्य शिकवत होते, तालाय राजधानीत, बिश्केकला, अकराव्या मजल्यावर राहत होता, आणि आपा कोचकोरजवळच्या आमच्या गावी एकटी होती. 'एकटी' म्हटलेले तालायला खपत नसे.

"एकटी कशी? सिस्टिम आहे ना तिच्या सोबतीला," तो म्हणायचा.

आपाचा हट्ट एकच होता. ज्या घरात ती नवरी म्हणून आली, त्याच घराच्या अंगणात तिच्या मयताचा लोकरी तंबू उभा राहायला हवा. "तुझ्या त्या मजल्यावर तंबू कुठे लावशील? लिफ्टमध्ये?" असे तिने विचारले होते. तालायने मग अट घातली. यंत्रणा जोवर सगळे ठीक आहे म्हणेल, तोवर आपाने गावी राहावे. ज्या दिवशी यंत्रणा नाही म्हणेल, त्या दिवशी सामान बांधावे.

कंपनीचा माणूस येऊन तीन पहारेकरी बसवून गेला. एक फ्रिजच्या दारावर, आपा जेवते की नाही हे पाहायला. एक चपटी पट्टी गादीखाली, झोप आणि श्वास मोजायला. तिसरे गळ्यात घालायचे बटण, पडल्यावर दाबण्यासाठी. बटण हरवू नये म्हणून आपाने ते दाराजवळच्या खिळ्याला अडकवले. पडायचे झाले तर तिथेच पडेन, असे ती मला फोनवर म्हणाली.

सोबत एक रंगीत पुस्तिका होती. तीत पांढऱ्या केसांची एक बाई उंच पलंगावर बसून फ्रिजकडे बघून हसत होती. ती कुठल्या देशातली होती कोण जाणे, पण तिच्याकडे पलंग होता आणि तिचा फ्रिज हिवाळ्यातही चालू असावा. आमच्याकडे थंडी पडली की फ्रिज बंद करतात. मांस, लोणी, सगळे बाहेरच्या पडवीत फुकट गोठते. आणि रात्री जमिनीवर घातलेल्या गाद्या सकाळी उचलून, घड्या करून, भिंतीशी छतापर्यंत रचतात. आपाची गादी सगळ्यांत खाली जायची, पट्टीसकट.

पहिल्याच आठवड्यात तालायच्या फोनवर निरोप आला की आपल्या प्रियजनांनी कालपासून काही खाल्लेले नाही. पाठोपाठ दुसरा आला की त्या अंथरुणातच आहेत, शरीरावर मोठे वजन आहे आणि श्वास चालत नाही. आपा तेव्हा गोठ्यात गायीपाशी होती, तिने फोन उचलला नाही. तालायने गाडी काढली आणि घाट उतरून तडक गावी आला. आपा कणकेचे बोरसोक तळत होती.

"आपा, बरी आहेस ना तू?"

"मला काय झालंय?"

"तुझा श्वास चालत नाहीये म्हणे."

आपाने झाऱ्याने भिंतीशी रचलेल्या ढिगाकडे दाखवले. "तुझं मशीन तिकडे खाली आहे. माझ्या लग्नातल्या सगळ्या रजया त्याच्या छाताडावर आहेत. त्याचा कसा चालेल?"

तालायने बोरसोक खाल्ले आणि मग यंत्रणेची बाजू घेतली. गादी दिवसा उचलायची नाही, आणि हे जमत नसेल तर शहरात चलायचे, असे त्याने सांगितले. दिवसाढवळ्या गादी घातलेली दिसली की घरात कोणी अंथरुणाला खिळले आहे, असे आमच्याकडे समजतात. पण प्रश्न घराचा होता, तेव्हा आपा कबूल झाली.

दुसऱ्या दिवशी शेजारची बुबुश, जिला तालाय माझ्यासारखेच एजे, म्हणजे ताई, म्हणतो, दूध मागायला आली, घातलेली गादी पाहून तशीच मागे फिरली आणि दुधाऐवजी सूप घेऊन परतली. तिन्हीसांजेपर्यंत निम्मी गल्ली आपाच्या नाडीवर बोट ठेवून गेली. मुल्लांनी दारातूनच दुवा मागितली. निरोगी असल्याचा पुरावा देताना आपा आजारी ठरली होती.

ही बातमी तालायपर्यंत जाण्याआधी आपाने स्वतःच दुरुस्ती केली. मी वसंतातल्या सुट्टीत गेले तेव्हा तिने मला चहाच्या समोवारजवळच्या तिच्या बैठकीवर बसवले आणि म्हणाली, "जपून बस. खाली डॉक्टर आहे."

पट्टी तिने बसायच्या रजईत शिवून टाकली होती. आमच्या घरात चहा ओतणारीची ती जागा. आपा उठली की बुबुश बसायची, बुबुश उठली की आणखी कोणी. बंद फ्रिजमध्ये आपाने चहाच्या वाट्या मांडल्या, म्हणजे दार सतत उघडले जाईल. यंत्रणा खूश झाली. हालचाल समाधानकारक, हृदय उत्तम, फक्त वजन तासातासाला बदलते आहे, असे ती कळवू लागली. आहारावर ताबा ठेवा, असाही सल्ला यायचा.

"आपा खूप खातेय का गं?" तालायने मला काळजीने विचारले.

"भूक सुधारलीय," मी म्हटले.

यंत्रणेमुळे आपा शेवटपर्यंत स्वतःच्या घरी राहिली, हे मी कुठेही सांगेन. ती यंत्रणा नसती तर तालायला फसवायला आमच्याकडे काहीच नसते.

आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धी वाटीच देतात. वाटी काठोकाठ भरली तर त्याचा अर्थ, आता निघा. शरद ऋतूत एका दुपारी आपाने बुबुशसाठी अर्धी वाटी ओतली, तिच्या हातात दिली आणि भिंतीला पाठ टेकली. बुबुशला वाटले, डोळा लागला. तिने आवाज न करता वाटी संपवली, पुढे केली, आणि मग तिला कळले. तिने तालायला फोन लावला.

"तालाय, तुझी आई वारली रे."

"नाही हो बुबुश एजे. आत्ताच बघतोय मी. शांत विश्रांती घेतायत असं आलंय."

"तेच सांगतेय मी," बुबुश म्हणाली.

अंगणात तंबू उभा राहिला. आपाला हवा होता तसा, हव्या त्याच जागी. आत आम्ही बायका भिंतीकडे तोंड करून विलाप करत होतो. बाहेर तालाय रीतीप्रमाणे काठीवर वाकून रडत होता. घरात आलेल्यांना जेवण चालू होते, समोवारजवळची जागा एक क्षण रिकामी नव्हती, आणि वाट्यांसाठी फ्रिजचे दार आपटत होते. तालायच्या कोटात फोन वाजला. मोटारींतून आलेल्यांची आणखी एक रांग दुवा मागून गेल्यावर त्याने तो पाहिला. नंतर तंबूच्या मागे त्याने मला दाखवला.

अभिनंदन, असे त्यावर लिहिले होते. आज आपल्या प्रियजनांची हालचाल सरासरीपेक्षा पुष्कळ अधिक आहे. असेच चालू ठेवा.

"कोण बसतं गं तिथे, त्या पट्टीवर?" त्याने विचारले.

"सगळे."

"आधीपासून?"

मी होकारार्थी मान हलवली. तो रागावेल असे मला वाटले होते. त्याने फोन खिशात ठेवला आणि काठी घेऊन परत आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

सातव्या दिवसाचे जेवण झाल्यावर तो कामावर परतला. मी चाळिसाव्या दिवसापर्यंत भेटायला येणाऱ्यांसाठी घर उघडे ठेवायला थांबले. तो गेल्यावर काही दिवसांनी दुपारी बुबुश एकटीच आली आणि सवयीने आपल्या नेहमीच्या जागी बसली. चहा ओतायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून मी आपाच्या रजईवर बसले. थोड्या वेळाने फोन वाजला. तालाय होता.

"एजे, तिथे तू आहेस का?"

"हो."

मागे त्याच्या ऑफिसातली माणसे बोलत होती.

"कंपनीचा माणूस उद्या सगळं काढायला येणार होता," तो म्हणाला.

"येऊ दे."

"नको. सांगतो त्याला, चाळिसाव्यानंतर ये म्हणून." मग म्हणाला, "तू घाईने उठू नकोस."

मी फोन ठेवला. बुबुशने वाटी पुढे केली. मी ती अर्धीच भरली.