बांधावरच्या आईनं खोळ टाकली

बांधावरच्या आईनं मंगळवारी खोळ टाकली आणि बुधवारी कारभारीनं बांधाला ट्रॅक्टर आणला. माणसाला घाई असावी, पण इतकी!

खोळ टाकली म्हणजे वर्षानुवर्षं थापलेल्या तेलशेंदराचा जाड थर आपोआप गळून पडला. देवानं असं कवच टाकलं की वाजतगाजत नवा शेंदूर चढवायचा, ही रीतच आहे. सकाळी तेल घालायला गेलेल्या आवडाबाईला आईचे पितळी डोळे मातीत पडलेले दिसले. तिनं हात जोडून वर पाहिलं आणि हात तसेच राहिले. उघड्या दगडावर चंद्र-सूर्य कोरले होते. त्यांच्याखाली एक गाढव होतं, गाढवाखाली एक बाई, आणि त्यांचं जे काही चाललं होतं ते बघून आवडाबाईनं तोंडाला पदर लावला.

दुपारपर्यंत अख्खं गाव बघून गेलं. बाया लाजून, पुरुष हसून.

आवडाबाईला मात्र हसू येईना. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं या आईपाशी पोर मागितलं होतं. पोर झालं नाही. नवरा सांडू, तोही अर्ध्या वाटेत देवाघरी गेला. तरी ती तेल घेऊन यायचीच. कधी पाया पडायची, कधी आईला चार शब्द सुनावायची. आता कळलं, सगळं गाऱ्हाणं गाढवापुढं चाललं होतं. तिला स्वतःची लाज वाटली, मग भयंकर राग आला.

राग करत बसायलाही सवड नव्हती. ती कसायची ती पट्टी फुलंब्रीच्या रस्त्याला लागून होती. पट्टीमागं धाकट्या दिराचं, कारभारीचं शेत, आणि मधल्या बांधावर आई. शहर वाढत चाललेलं, त्याला शेताचे प्लॉट पाडायचे होते, आणि प्लॉटांना वाट हवी तर ती आवडाबाईच्या पट्टीतूनच. आजवर आईच्या भीतीनं त्या बांधाला कुणी नांगर लावला नव्हता. आता भीती गेली होती. जमीन कागदावर अजून सासूच्या, चतुराबाईच्या नावावर होती, त्यामुळं ती म्हणेल तोच निकाल.

कारभारी डोक्यानं तेज. गावाचं तोंड बंद व्हावं म्हणून त्यानं शहरातल्या पुंडलिकनगरातून बद्रीनाथ सरांना गाडीत घालून आणलं. सर शाळेतून निवृत्त झालेले, जुन्या दगडांचे फोटो काढत हिंडायचे. चतुराबाईही बांधावर येऊन टेकली. पोलीस ॲक्शनच्या साली ती या घरात सून म्हणून आली होती, आणि घरात कुणाचं चालतं हे विचारायची गरज नव्हती.

"दगड हाय त्यो, आवडे," ती म्हणाली. "गाढवापायी भावकीत भांडन नको. दे वाट."

आवडाबाई दगडाला पाठ लावून उभी राहिली. "मी हालत नाय, आत्याबाई."

ट्रॅक्टरवाल्या फारूखनं इंजिन चालूच ठेवलं होतं.

"सांगा सर," कारभारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यो देव हाय का?"

सरांनी दगडावरून हात फिरवला. त्यांचा चेहरा खुलला. "देव नाही. ही गद्धेगळ आहे."

"ऐका! देव नाय!"

"पूर्वी कुणाला जमीन दिली की असा दगड रोवायचे," सर रंगात आले. "चंद्र-सूर्य आहेत तोवर जमीन ज्याची त्याच्याकडंच राहील. आणि जो कोणी ती हिरावून घेईल..." सर अडखळले. समोर बाया होत्या.

"त्याचं काय?" आवडाबाईनं विचारलं.

"त्याला शिवी आहे, बाई."

"मग द्या की. भेता कशाला?"

सरांनी मान खाली घातली. "ती खालची बाई आहे ना... ती हिरावणाऱ्याची आई."

फारूखनं इंजिन बंद केलं. "कारभारीभाऊ, मेरे से नै होता. माझी अम्मी हाय घरी."

"व्हय बाजूला, मी चालवतो!" कारभारीनं पायरीवर पाय ठेवला.

"कारभाऱ्या!" चतुराबाई ताडकन उभी राहिली. एरवी तिला उठवायला दोघं लागायची. "उतर खाली! प्लॉट तुला आन् गाढवापुढं मी व्हय रं?"

"आगं माय, तूच म्हनलीस ना, दगड हाय!"

"मघा व्हता. आता वाचला ना तुझ्या सरांनी! पट्टी आवडाची. पुन्ना नाव काढू नको."

गाव पोट धरून हसलं. कारभारीनं पाय खाली घेतला.

सगळे पांगले तेव्हा आवडाबाईनं दगडावर हात ठेवला. पोर देणं हे हिचं कामच नव्हतं. हिला जमीन राखायला उभं केलं होतं, आणि सांडूच्या माघारी एकट्या बाईची जमीन हिनं राखली होती. "चुकलं गं माझं," आवडाबाई म्हणाली. "तुला भलतंच मागत बसले."

शुक्रवारी वाजतगाजत नवा शेंदूर चढला. कारभारीही नारळ घेऊन आला. आवडाबाईनं चंद्र-सूर्य लालभडक माखले, डोळे बसवले आणि हात आखडता घेतला.

"वैनी, खालचं बी झाका की," कारभारी हळूच म्हणाला. "बरं दिसत नाय."

"ऱ्हाऊ दे. वरचं पूजेला, खालचं भावकीला."

चतुराबाईनं सुनेच्या हातातली शेंदराची डबी घेतली आणि झाकण लावून टाकलं.