चंद्री आणि माझं दार

मी एक जुनी भट्टी आहे, मित्रांनो, मातीचे प्राणी भाजणारी, आणि आज माझं डोकं ठिकाणावर नाही. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडे जा.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात माझा मुक्काम आहे. बाहेरून मी लोखंडी कपाटासारखी दिसते. आत पांढऱ्या विटा आणि विटांच्या खाचांत तारेची वेटोळी. वीज सोडली की तारा लालबुंद होतात आणि माझ्या पोटातली माती पक्की होते. याच इस्टेटमधल्या एका वेल्डरनं मला जोडलं. दाराची बिजागरी त्यानं वाकडी बसवली, ती अजून कुरकुरते.

माझी मालकीण करिश्मा. ती फक्त प्राणी घडवते. गाढव, घूस, भटकी कुत्री, कानाला चावा बसलेला बोका. येणारा प्रत्येक माणूस विचारतो, "मॅडम, गणपती नाही करत?" ती नाही म्हणते. मग तो घुशीकडे बघून म्हणतो, "सो क्यूट." मला असा राग येतो! अहो, त्या घुशीचं पोट चिरून, आतली माती कोरून, ते पुन्हा जोडायला तिचा आठवडा जातो. पोट भरीव राहिलं, माती ओली राहिली, तर माझ्या आत प्राणी फुटतो. मग बोल कुणाला? मला.

या वर्षी तिनं म्हैस करायला घेतली. तिच्या आईची, गोदाची, चंद्री. डोंबिवलीजवळच्या गावात त्यांचा गोठा होता. तिथे बिल्डरचा टॉवर आला तेव्हा करिश्माच्या भावानं, धनेशनं, जेसीबी लावून तो पाडला आणि चंद्री विकली. त्यानंतर गोदानं चंद्रीचं नाव काढलं नव्हतं. पण मातीची म्हैस उभी राहू लागली तशी गोदा रोज गाळ्यावर येऊन बसू लागली. एकदा उठली, ओल्या मातीचा कान बोटांनी जरा खाली दाबला आणि म्हणाली, "आसा होता गो. माशी बसली की आसा पाडायची."

करिश्मानं म्हशीवर काळाभोर ग्लेझ चढवला. हा लेप माझ्या आत वितळतो आणि निवताना त्याची काच होते. मी चंद्रीला जीव लावून भाजलं. आता फक्त निवायचं होतं, आणि ते घाईनं होत नाही. करिश्मा 'दार उघडू नका' असं सगळ्यांना बजावून आईला आणायला घरी गेली.

तेवढ्यात धनेश आला. त्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायचा होता. जाड हातमोजे घातले आणि गडी सरळ माझं दार उघडून मोकळा. मी बिजागरी कुरकुरवली, आणखी काय करणार? बाहेरची गार हवा आत घुसली आणि चंद्रीच्या मानेपाशी टण्णकन आवाज झाला. त्यानं घाईघाईनं दार लोटलं आणि बाहेर चहाला गेला.

दुसऱ्या दिवशी गोदासमोर दार उघडलं. मानेपासून पोटापर्यंत चीर. गोदा स्टुलावर बसली. धनेश मात्र लगेच म्हणाला, "भट्टीच खटारा झाली आहे. भंगारवाल्याला फोन करतो." आणि माझी करिश्मा, जिच्यासाठी मी इतकी वर्षं जळले, तिनं माझ्या दाराला लाथ मारली. "कर फोन," म्हणाली. ती लाथ मी विसरणार नाही.

मग तिनं चंद्रीला बाहेर काढलं आणि चिरेवरून अंगठा फिरवला. अंगठा कापला, रक्त आलं. ती वाकून चीर निरखू लागली.

"आये, ही धार बघ," ती म्हणाली. "भट्टी तापत असताना चीर गेली असती, तर ग्लेझ वितळून कडा गोल झाल्या असत्या. ही काच झाल्यावर तडकली आहे." मग ती भावाकडे वळली. "धनेश, दार उघडलेलंस?"

"अगं, दोनच मिनिटं. रील काढत होतो."

गोदानं आवाज चढवला नाही. "गोठा पाडताना पन तू दोनच मिनिटं बोल्लेलास," ती म्हणाली.

धनेशनं मोबाइल खिशात घातला. भंगारवाल्याचा विषय पुन्हा निघाला नाही. चंद्रीला गोदानं तशीच, चिरेसकट, मांडीवर घेऊन रिक्षातून घरी नेलं.

आता माझ्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली गोदाच्या कनवटीला. करिश्मालासुद्धा मागावी लागते. गोदा आधी माझ्या दारावर हात ठेवून बघते, गोठ्यात म्हशीच्या पाठीवर ठेवत असेल तसा, आणि गरम लागलं तर किल्ली देत नाही.

तेव्हा मित्रांनो, कुणाचं काम बघायला जाल तेव्हा हात मागे बांधून उभे राहा. ते आपलं आपण निवू द्या. आणि माझ्यासमोर तरी 'दोनच मिनिटं' म्हणू नका.