आमदारांचे थोरले

"दादा, पुलाच्या उद्घाटनाला तुम्हीच बोला. त्यांच्या जागी दुसरं कोण बोलणार?"

धाकट्या भावाच्या बायकोने असं म्हटलं तेव्हा मास्तर दाढी करत होते. त्यांनी लगेच होकार दिला नाही. लगेच हो म्हणण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता.

याच स्वभावाने तर घात केला होता. तरुणपणी वक्तृत्वाच्या ढाली आणायचे मास्तर. पक्षाची माणसं तालुक्याहून घरी आली ती त्यांनाच निवडणुकीला उभं राहता का विचारायला. शाळेतली नोकरी नुकतीच कायम झालेली. मास्तर म्हणाले, विचार करून सांगतो. चहाचे कप उचलायला आलेला धाकटा मध्येच म्हणाला, "मी चालेन का?" पाहुणे हसले, पण जाताना त्याला गाडीत घालून घेऊन गेले.

तो निवडून आला आणि तेव्हापासून मास्तर आमदारांचे थोरले झाले. धाकट्याच्या सभेत ते मागच्या खुर्चीवर बसत आणि त्याच्या चुका मोजत. गडी 'पाणी'ला 'पानी' म्हणे, सुरू केलेलं वाक्य अर्ध्यावर सोडून दुसरंच धरी. शिक्षकांच्या खोलीत मास्तर म्हणत, "एका वाक्यात तीनदा चुकतो आणि पाचदा निवडून येतो." सगळे हसत. मग त्यांतलाच एखादा हळूच बदलीसाठी आमदारांकडे शब्द टाकायला सांगे. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड होई, पण ते शब्द टाकत. धाकटा कामही करून देई.

मास्तरांची बायको वारली तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. येणारा जो तो आमदारांचा हात हातात घेऊन बसे. बायको मास्तरांची गेली होती. पण कोपऱ्यात बसून तेच लोकांना पाणी देत होते. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि कधी विसरलेही नाहीत.

आता अर्धांगाच्या झटक्याने धाकट्याची वाचा गेली होती. बातमी कळली तेव्हा मास्तर रडले होते. पण रडताना मनाच्या तळाशी काहीतरी निवलं होतं, आणि त्याची त्यांना स्वतःलाच भीती वाटली होती.

शेवटी ते हो म्हणाले.

नदीपलीकडच्या गावांसाठी हा पूल व्हावा म्हणून धाकट्याने मंत्रालयाचे उंबरे झिजवले होते. उद्घाटनाला माणूस लोटला होता. धाकट्याला खुर्चीसकट उचलून मंचावर बसवलं. मास्तर उठले आणि बोलू लागले. शब्द हात जोडून उभे असल्यासारखे येत गेले. लोक हसले, मग बायकांनी डोळ्यांना पदर लावला. एवढी गर्दी आपल्या ओठांकडे बघते आहे, हे सुख मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा चाखलं. टाळ्या थांबेनात.

त्या भरात त्यांनी धाकट्याकडे पाहिलं.

त्याचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं, पण डोळे शाबूत होते. ते मास्तरांच्या हातातल्या माईकवर खिळले होते. त्या नजरेतली जळजळ मास्तरांना कुणी समजावून सांगायला नको होती. आता आपल्याला आनंद व्हायला हवा, असं त्यांना वाटलं. तो काही झाला नाही.

अजून बरंच बोलायचं होतं. ते त्यांनी तिथेच सोडलं. खुर्चीपाशी जाऊन गुडघ्यावर बसले आणि माईक धाकट्याच्या तोंडापाशी धरला.

"बोल," ते हळूच म्हणाले. "तुझीच माणसं आहेत."

धाकट्याचा ओठ हलला. नुसता श्वास ऐकू आला, मग घशातून एक घरघर. हनुवटीवरून लाळ ओघळली. मास्तरांनी ती बाहीने पुसली.

"पा..." धाकटा म्हणाला आणि अडला.

मास्तरांचा हात भरून आला होता. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगटाला आधार दिला आणि माईक तसाच धरून ठेवला.