न आलेल्या यंत्राचा गारवा

"कोण, मिसेस?" सबनीस साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, कधी?"

"पहाटे, साहेब. छातीत दुखतंय म्हणाली. पाणी आणायला उठलो, तेवढ्यात गेली."

कुंडलिक ओव्हाळ खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. अंगात डेपोचा खाकी शर्ट होता. बायको मंजुळा गेली त्या सकाळीही सवयीने हात त्याच शर्टाकडे गेला होता. साहेबांनी त्याला बसवलं, चहा मागवला आणि स्वतः लष्करी लाइनवरून जम्मूच्या पलीकडे फोन लावला. कुंडलिकचा एकुलता एक मुलगा जगन तिकडे फौजेत होता. दुपारच्या आत उलटा निरोप आला. रजा मंजूर झाली, पोरगा संध्याकाळी निघतोय, शुक्रवारी सकाळी कल्याणला उतरेल.

"बघा ओव्हाळ," साहेब म्हणाले, "आपलं खातं तसं वाईट नाही. वेळेला धावून येतं."

कुंडलिकने मान हलवली. मग ज्यासाठी तो मंजुळाला घरी ठेवून कोपरहून शीळफाट्यापर्यंत आला होता, ते त्याने बोलून टाकलं.

"साहेब, आज बुधवार. मे महिना आहे. जगन येईपर्यंत तिला आपल्या हॉलमध्ये ठेवू द्या. पोराला आईचं तोंड दिसलं पाहिजे, बाकी काय नको."

सबनीस साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

तो हॉल काय चीज होती, हे सांगितल्याशिवाय ही मागणी कळायची नाही. शीळफाट्याच्या अलीकडे, डोंगराला टेकून लष्कराच्या मालाचा डेपो होता. देशभरच्या छावण्यांत किती बूट, किती टायर, किती तंबू आहेत याचा हिशेब ठेवणारा एक मोठा कॉम्प्युटर तिथे बसवायचा, असं दिल्लीत ठरलं. इमारतीचा पैसा एका खात्यातून आला, कॉम्प्युटरचा दुसऱ्या खात्यातून यायचा होता. इमारतीचा पैसा मार्चच्या आत संपवायचा म्हणून इमारत धडाक्यात उभी राहिली. दुहेरी भिंती, जमिनीवर उचलून बसवलेली दुसरी जमीन, खिडकी औषधालासुद्धा नाही, आणि मागच्या अंगाला ट्रकएवढा एअर कंडिशनिंगचा प्लँट. कॉम्प्युटरची फाइल मात्र परकीय चलन, परवाने आणि साहेबांच्या बदल्या यांच्यात जी अडकली ती अडकलीच.

आता प्लँट बंद ठेवावा, तर भिंतीचं लाकूड फुगणार आणि ठेकेदार हमी नाकारणार. शिवाय विजेवरचा पैसा खर्च झाला नाही, तर पुढच्या वर्षी तेवढा कापून येणार. तेव्हा प्लँट चालू. शहाऐंशी सालापासून कुंडलिक आणि गुणाजी हे दोघे ऑपरेटर पाळीपाळीने एका रिकाम्या हॉलला गारवा पुरवत होते. डेपोतली माणसं त्या हॉलला गाभारा म्हणायची. देवाचा पत्ता नाही आणि पुजाऱ्यांना पगार चालू, असं चिडवायची. कुंडलिकही हसायचा. पण मनातून त्याला त्या हॉलचा अभिमान होता. जगनला पत्रात तो लिहायचा, आज ना उद्या मशीन येईल, आणि आलं की त्याला सांभाळणारा तुझा बाप असेल.

कॉम्प्युटर आला, नाही असं नाही. एक्क्याण्णव साली आला आणि टेबलावर मावला. हेडक्लार्कच्या खोलीत साध्या पंख्याखाली ठेवला, तिथे सुखाने चालला. पण मी सांगतोय तो एकोणनव्वदचा मे.

त्या बुधवारी हॉल अगदीच रिकामा नव्हता. एका कोपऱ्यात हापूसच्या पेट्या रचून ठेवल्या होत्या. शुक्रवारी दिल्लीहून समिती येणार होती. तिने इमारत पाहून पसंतीचा शेरा दिला, की कॉम्प्युटरचा पैसा सुटणार होता. पाहुण्यांना जाताना हातात द्यायचे आंबे उन्हाने आधीच पिकून जाऊ नयेत, म्हणून त्यांची सोय गाभाऱ्यात केली होती. पेट्या आत कुंडलिकनेच वाहून नेल्या होत्या.

"शुक्रवारी समिती आहे, ओव्हाळ," साहेब हळू म्हणाले. "पण बघतो मी. वर विचारतो. तुम्ही घरी जा."

साहेबांचं ते 'बघतो' उराशी धरून कुंडलिक कोपरला परतला.

चाळीत शेजारचा नाथा कोळी बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून दारात उभा होता. त्याची बायको मनुबाई डोंबिवलीच्या बाजारात मासे विकायची. त्या दिवशी ती बाजारात बसलीच नाही. पाटीतली मासळी ओळखीच्या बाईच्या हवाली केली आणि तिच्या वाटणीचा बर्फ हातगाडीवर टाकून दोघं नवरा-बायको तडक घरी आली.

"वास येल बरफाला, म्हावऱ्याचा," नाथा ओशाळून म्हणाला. "लय धुतला, पन जात नाय."

"येऊ दे रे. तिला म्हावरं आवडायचं," कुंडलिक म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याला रडू फुटलं.

मंजुळाला पुढच्या खोलीत फरशीवर निजवलं. पांढरं कापड, भोवती बर्फ, त्यावर गोणपाट आणि लाकडाचा भुसा. कुंडलिकची थोरली बहीण रमाबाई उशाशी बसली. येणारा जाणारा जय भीम करून विचारायचा, कधी उचलायचं? रमाबाई एकच उत्तर द्यायची, पोरगा आल्यावर. बर्फ वितळत होता, मनुबाई फडक्याने पाणी टिपत होती, नाथा नवी लादी आणायला पळत होता. असा बुधवार गेला. साहेबांचा निरोप काही आला नाही.

गुरुवारी ऊन चढल्यावर चाळीच्या तोंडाशी डेपोची जीप थांबली. कुंडलिक ताडकन उठला.

"बघ अक्का, मी काय बोललेलो! साहेबांनी गाडी पाठवली."

ड्रायव्हर मारुती दारातच थबकला. मंजुळाकडे बघून त्याने हात जोडले.

"ओव्हाळ मामा, प्लँट बसलाय सकाळपासून. गुणाजी गावाला लग्नाला गेलाय. साहेब बोलले, मामांना घेऊन ये, जरा वेळच लागेल."

रमाबाईने डोक्यावरचा पदर मागे ढकलला. "बायको बर्फावर पडलीय आणि तू मशीन बघायला जाणार? लाज कशी वाटत नाय रे बोलवायला यांना?"

कुंडलिक तिच्याजवळ वाकला. "अक्का, ऐक. साहेब नाय बोललेले नाहीत. बघतो बोललेत. मी त्यांचं काम करून दिलं, की मला तोंड वर करून मागता येईल. ह्याच जीपमधून येतो आणि तिला घेऊन जातो. ह्या बर्फावर उद्यापर्यंत निभणार आहे काय, तूच सांग."

रमाबाईने बर्फाकडे पाहिलं. मंजुळाच्या कपाळावर हात टेकवून कुंडलिक जीपमध्ये बसला.

पंपाचा पट्टा तुटला होता. तसला पट्टा स्टोअरमध्ये नव्हता, माणूस डोंबिवलीला पिटाळावा लागला. तो येईपर्यंत कुंडलिक तापलेल्या प्लँटरूममध्ये बसून राहिला. त्याचं डोकं घरी होतं. पट्टा आला, बसला, मोटर घुमायला लागली. थोड्या वेळाने तो हॉलचं जड दार लोटून आत गेला. गार वारा अंगावर आला. मंजुळासाठी जागासुद्धा त्याने बघून ठेवली. पेट्यांच्या समोरचा कोपरा. तिथे वारा थेट पडायचा.

सबनीस साहेब एका पेटीत हात घालून आंबा दाबून बघत होते. "वाचले," ते म्हणाले. "ओव्हाळ, तुम्ही आज अब्रू राखलीत आमची."

"साहेब, आता हिला आणतो. ह्या कोपऱ्यात, एक रात्र. उद्या समिती यायच्या आत नेतो आणि फिनेल टाकून स्वतः पुसून काढतो. कुणाला कळणारपण नाय."

साहेबांनी आंबा जागेवर ठेवला. त्यांचा चेहरा खरोखर पडला होता, ते कुंडलिकला दिसलं. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

"मी विचारलं वर. ही संरक्षित इमारत आहे. बाहेरच्या व्यक्तीला आत आणता येत नाही."

"बाहेरची कशी, साहेब? मी इथला. पोरगा फौजेत."

"त्या हयात असत्या तरी लेखी परवानगी लागली असती, ओव्हाळ. आणि उद्या समितीतल्या कुणाला नुसता संशय आला, तर कॉम्प्युटर गेला. एवढ्या सगळ्यांची मेहनत जाईल. तुमचीसुद्धा."

तीन वर्षं कुंडलिकने ज्याची वाट पाहिली, ज्याच्या नावाने गारवा सांभाळला, ते यंत्र आज त्याच्या बायकोच्या आड उभं राहिलं होतं, आणि ते अजून आलंही नव्हतं. त्याला ओरडावंसं वाटलं. पण आयुष्यभर साहेबांसमोर हळू बोलून बोलून आवाज चढवायची रीतच तो विसरला होता. तो दाराकडे वळला.

"थांबा," साहेबांनी हाक मारली. मारुतीला खूण करून त्यांनी एक पेटी जीपमध्ये ठेवायला लावली. "घरी माणसं जमली असतील. असू द्या."

नको म्हणायचंही कुंडलिकला सुचलं नाही. जीप निघाली. पेटी पायाशी होती आणि फटींतून आंब्यांचा गारवा त्याच्या पोटऱ्यांना लागत होता. हे आंबे मंजुळाच्या भोवती रचले तर? नको तो विचार मनात आला आणि त्याची त्यालाच शिसारी आली. त्याने पाय वर आखडून घेतले.

दिवस कलता तो घरी पोचला. दारातच नाथा डोक्याला हात लावून बसला होता.

"बरफ खलास, दादा. डोंबिवलीचा कारखाना बंद हाय, लाइट नाय सकालपासना. कल्याणपातूर जाऊन आलू. लग्नसराई हाय, कोन देत नाय. मी पाय धरलं लोकांचं."

आत मंजुळाचं तोंड झाकलेलं होतं. सकाळी ते उघडं होतं. रमाबाई उठून बाहेर आली. तिची नजर मारुतीच्या हातातल्या पेटीवर गेली.

"हे काय आणलंस?"

"दिलं साहेबांनी," कुंडलिक म्हणाला.

रमाबाई रागावली नाही. त्याचं डोकं तिने पोटाशी धरलं, लहानपणी धरायची तसं. "बाबा, आता तिला नको ठेवूस," ती म्हणाली. "लेकरानं आईला अशी बघायला नको."

दिवेलागणीच्या सुमाराला खाडीकाठच्या स्मशानात मंजुळाला नेलं. वस्तीतल्या वयस्क माणसाने त्रिशरण आणि पंचशील म्हटलं, मागोमाग सगळ्यांनी म्हटलं. कुंडलिकचे ओठ हलत होते. अग्नी त्यानेच दिला. घरी आल्यावर मनुबाई बादली आणि फडकं घेऊन पुढच्या खोलीत गेली, तर त्याने तिला थांबवलं. जगन येईपर्यंत ही जागा पुसू नका, म्हणाला. उरलेला भुसा, गोणपाट, फरशीवरचं पाणी सगळं होतं तसंच राहिलं. पोराला दाखवण्यासारखं तेवढंच शिल्लक होतं.

शुक्रवारी सकाळी समिती आली. हॉल मस्त गार होता. दोघा-तिघांनी अंग चोरून घेतलं, एकाने शाल मागितली, आणि इमारत उत्तम असल्याचा शेरा लिहून मंडळी आंबे घेऊन गेली. हे मारुतीने पुढे केव्हातरी सांगितलं.

त्याच सकाळी जगन चाळीत आला. अंगात वर्दी, खांद्यावर ट्रंक, डोळे जागरणाने लाल. लोक वाटेतून बाजूला झाले, तेव्हाच त्याला समजलं असावं. उंबऱ्याशी त्याने ट्रंक उतरवली आणि पुढच्या खोलीतल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला.

"थांबला नाहीत, आप्पा?"

"बरफ संपला, बाला," कुंडलिकच्या ऐवजी नाथाने उत्तर दिलं.

जगनने बापाकडे पाहिलं. "आणि तुमचा हॉल? मी गाडीत तोच विचार करत आलो. म्हटलं, आईचं मला टेन्शन नाय, आप्पांचा हॉल आहे. का नाय ठेवलीत तिथं?"

रात्रभर कुंडलिकने या प्रश्नाचं उत्तर जुळवलं होतं. समिती, संरक्षित इमारत, परवानगी, वरचे साहेब. पोरगा फौजेतला, त्याला नियम कळतील असं त्याला वाटलं होतं. आता त्यातलं एकही कारण पोराच्या तोंडावर सांगण्याजोगं वाटेना.

"तिथं आंबे होते," तो म्हणाला.

जगनने खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट बाहेर ठेवले आणि आत गेला. मनुबाई लगबगीने फडकं घेऊन पुढे झाली.

"थांब बाला, कपडे भिजतील. मी पुसतंय."

त्याने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. गुडघे टेकून तो कडेकडेने पाणी पुसू लागला. फडकं भिजलं की बादलीत पिळायचा, पुन्हा पुसायचा. वर्दी गुडघ्यापर्यंत ओली झाली. रमाबाई एकदा वाकली, कुंडलिकही वाकला, पण त्याने फरशीला कुणाला हात लावू दिला नाही.