न्कान्साच्या घरचा थोरला

बेक्वाई गावच्या याव न्कान्साला दोन वयं होती. घरात सदतीस, फुटबॉलच्या मैदानावर एकतीस. आता यात नाक मुरडण्यासारखं काही नाही, त्याच्या बरोबरीच्या निम्म्या पोरांचं असंच होतं. पहिल्या निवडीला प्रशिक्षकाने विचारलं, "वय?" याव म्हणाला, "बावीस." "सोळा," प्रशिक्षक म्हणाला आणि पुढच्या पोराकडे वळला.

त्यानंतर मधल्या फळीत खेळत याव बेल्जियम, सायप्रस सगळं फिरून आला. स्वतः गोल फारसे केले नाहीत, पण दुसऱ्यांचे बरेच त्याच्या पासवर झाले. भानगड एवढीच झाली, की पाठचा ओफोसू आणि त्याच्या पाठची पोकुवा ही दोघं बसल्या जागी त्याच्याहून मोठी झाली. क्लबची माणसं घरी आली की आई सांगायची, "हा माझा तिसरा." आणि हसू दाबायला चुलीकडे पळायची.

ती आई गेली, तीही नेमकी तुर्कस्तानचा एक क्लब दोन वर्षांचा करार द्यायला निघाला तेव्हा. अंत्यविधी शनिवारी ठरला. एजंट तान्दो धावत आला. "त्या क्लबचे नेजातसाहेब स्वतः येतायत दुखवट्याला."

"येऊ देत की," याव म्हणाला.

"अरे शहाण्या, शवपेटी बंद करायच्या आधी पहिला निरोप कोण घेतं?"

पिएसी घेतो. आईचं पहिलं मूल. त्याच्याआधी कुणी तोंड उघडायचं नाही, मग तो मंत्री का असेना.

"ओफोसू घेईल," तान्दो म्हणाला. "दोन मिनिटांचं तर काम."

हा करार शेवटचा, हे यावला पक्कं ठाऊक होतं. पोरींची शाळा, अर्धं बांधलेलं घर, सगळं त्यावर अडलेलं. "घे रे ओफोसू," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

शनिवारी सगळं गाव दुखवट्याच्या काळ्या-लाल कपड्यांत जमलं. नेजातसाहेब पुढच्या खुर्चीत काळ्या सुटात घामाघूम झाले होते. शेजारी अक्राहून आणलेला दुभाषा. मामांनी पेटीजवळून हाक दिली, "पिएसी, पुढे ये."

ओफोसू अर्धा उठला आणि परत बसला.

"ऊठ," याव पुटपुटला.

"आईला काय सांगू, मी कोण म्हणून?"

"काहीही सांग. तुर्क बघतोय."

"आईपण बघतेय. तू जा."

मामांनी पुन्हा हाक दिली. या वेळी त्यांनी सरळ यावकडे बघून दिली. बारशाला यावला मांडीवर घेऊन बसलेला माणूस तो, त्याला मैदानावरच्या वयाशी काय देणंघेणं. याव उठला.

"फार हळवा आहे," तान्दोने साहेबांना घाईघाईने सांगितलं. "शेंडेफळ ना."

आईच्या कानात बोलायचं असतं. पण यावचा आवाज फुटला तो मोठ्यानेच. "आई, मी याव. तुझा थोरला. सदतीस वर्षांपूर्वी तुला पहिल्या कळा आल्या, त्या माझ्यापायी. तिसरा म्हणवून घेतलं, माफ कर."

दुभाषा मोठा कामसू होता. त्याने एक शब्द गाळला नाही.

नेजातसाहेबांनी मान हलवली, रीतीप्रमाणे पाकीट दिलं, यावचा हात बराच वेळ हातात धरला आणि गाडीत बसले. करार त्यांच्याबरोबरच गेला.

"कानात बोलायचं होतं, गाढवा," तान्दो म्हणाला.

दफनभूमीत याव माती द्यायला गुडघ्यावर बसला आणि डावा गुडघा तिथेच अडकला. तो गेली चार वर्षं असाच अडकत होता. अशा वेळी याव बुटाची नाडी बांधल्याचं सोंग करायचा, ओठ चावून उठायचा आणि वर दोन उड्या मारून दाखवायचा. आज त्याने हात वर केला.

"धरा रे मला. उठवत नाही."

ओफोसू आणि पोकुवाने दोन्ही बाजूंनी धरलं. याव सावकाश, कण्हत उठला, सगळ्यांदेखत.