छबीची संमती

दादाने साबणाची वडी टेबलावर ठेवली आणि एका बोटाने बहिणीकडे सरकवली. वडीवर एका तरुण बाईचा चेहरा उठवलेला होता आणि खाली ‘छबी’ अशी दोन अक्षरं.

"हिची सही घेऊन ये," तो म्हणाला. "तुझाच विषय आहे ना?"

विषय तिचाच होता. धाकटी एलएलएमच्या दुसऱ्या वर्षाला होती, खास ट्रेडमार्कचा कायदा घेऊन, आणि तिचा प्रबंध चालला होता तो नेमका जिवंत माणसाचं नाव आणि चेहरा मालावर छापण्याबद्दल. घरात तिला सगळे वकिलीणबाई म्हणत. म्हणत तेवढंच, ती अभ्यासाचं काही सांगू लागली की एकेक जण हात धुवायला उठे. गेल्या महिन्यात मात्र जेवताना तिने सहज सांगितलं होतं, की चेहरा ज्याचा त्याची लेखी संमती लागते आणि माणूस मेला असेल तर त्याच्या वारसांची. तेव्हा कोणी जागचं हललं नव्हतं. दादाने तर दोनदा विचारून घेतलं होतं. वेडीला केवढा आनंद झाला होता! आता कारण कळलं. एक मोठी कंपनी छबी साबणाचं नाव, चेहरा, साचे, सगळंच विकत घ्यायला निघाली होती आणि कंपनीच्या वकिलाने वडीवरच्या बाईच्या, म्हणजे त्यांच्या छबीआत्याच्या, संमतीचा कागद मागितला होता.

कारखान्याच्या ऑफिसची खिडकी कढयांच्या बाजूला उघडत होती. खाली चरबी शिजत होती. जन्मापासूनचा वास, तरी तो अजून तिच्या घशात बसायचा आणि चहालासुद्धा त्याची चव यायची.

"छबी कशाला नाही म्हणेल?" बाबा म्हणाले. "सख्खी बहीण आहे माझी. दोन शब्द गोड बोल, झालं."

"बाबा, तिला नीट समजावून सांगावं लागेल. काय विकतोय, कोणाला विकतोय, पुढे काय होईल. नाहीतर ती संमतीच होत नाही."

"पुस्तकातलं पुस्तकात राहू दे."

"आणि नाहीच म्हणाली तर थांबू की," दादा हसत म्हणाला. "तूच म्हणालीस ना, नंतर वारसांची चालते. तिचे वारस कोण? आपणच."

आता बाबा त्याला झापतील म्हणून ती थांबली. बाबाही हसले. हसता हसता त्यांनी वडी उचलली आणि चेहऱ्याच्या नाकाशी साठलेला चुरा नखाने कोरून काढू लागले.

तिला दादाची शिसारी आली, बाबांची आली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची आली. ते कलम तिनेच यांच्या ताटात वाढलं होतं. फाइल उचलून ती बाहेर पडली. हात धुवावेसे वाटले, पण नळावरही छबीच होती.

आत्याची खोली पॅकिंगच्या वर होती. आत्या उशीला अभ्रा घालत होती. तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत होती. कारखाना नवा असताना साबण तिनेच घोटला होता आणि सोड्याने तिची कातडी खाल्ली होती.

"कॉलेज सोडून इकडे कुठे गं?"

"सहज आले."

"सहज आलेलं माणूस फाइल घेऊन येत नाही. बस."

धाकटी बसली. शब्द जुळवले. "आत्या, तुझ्यामुळे तर हा सगळा डोलारा उभा आहे. तू आमच्या धंद्याचा चेहरा..."

वाक्य अर्ध्यावर तिला ते बाबांच्या आवाजात ऐकू आलं. शी! तोंडात तीच ओशट चव आल्यासारखं झालं. मग फाइल उघडून तिने कागद होता तसा वाचून दाखवला, एक शब्द न गाळता. कायमस्वरूपी. परत न घेता येणारी. कोणत्याही मालावर.

"कोणत्याही म्हणजे?"

"म्हणजे ते उद्या तुझा चेहरा संडास धुवायच्या पावडरीवर छापू शकतात."

आत्याने उशीवर दोन थापा मारल्या. "बढती म्हणायची की काय मग?"

"हसू नकोस. मी प्रबंधात लिहिलंय, चेहरा ही माणसाची सगळ्यांत खासगी मालमत्ता आहे. आमच्या सरांनी त्या वाक्याखाली रेघ मारली."

"खासगी?" आत्या आता खरंच हसली. "एकदा मला बघायला माणसं आली होती. मुलगा बरा होता. त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, ‘अगंबाई, ही तर आमच्या मोरीत आहे.’ सगळे हसले. तुझा बाप सगळ्यांत मोठ्याने. जाताना त्यांना साबणाचा खोका दिला त्याने."

"मग?"

"मग काय? खोका नेला त्यांनी."

खाली पॅकिंगचं यंत्र खडखडत होतं. आत्या खिडकीकडे पाहत पुढे म्हणाली, "पुढे आणखी दोघे आले. तुझ्या बापाने दारातूनच परत पाठवले. म्हणाला, लग्न करून गेली आणि सासरच्यांनी चेहऱ्यावर हक्क सांगितला तर काय करायचं? एवढा कायदा त्याला तुझ्याआधीपासून कळत होता."

धाकटीला हे कोणी सांगितलं नव्हतं. आत्याने लग्न केलं नाही, तिचा स्वभावच तसला, असं घरात बोललं जाई, आणि तीही तसंच बोलत आली होती. या साबणावर आपली फी भरली गेली, पुस्तकं आली, अंगावरचा हा शर्टसुद्धा त्यातलाच, हे तिला माहीत होतं, पण आज ते तिच्या अंगाला चिकटलं. तिने फाइल खाडकन मिटली.

"नको करूस सही. मी खाली जाऊन सांगते, आत्या नाही म्हणाली. काय करतील? साच्यातून चेहरा काढावा लागेल. सौदा मोडेल. मोडू दे!"

बोलताना तिचा आवाज चढला होता. आपण खरंच वकील झालो असं तिला पहिल्यांदा वाटलं.

"थांब," आत्या म्हणाली. "मोडला तर मी कुठे असेन?"

"म्हणजे?"

"इथेच ना? तुझ्या बापाच्याच हातात."

धाकटीने फाइल पुन्हा उघडली आणि आत्या पुढे म्हणाली,

"आता वकिलासारखं सांग. विकल्यावर तुझ्या बापाला माझा चेहरा वापरता येईल?"

"नाही."

"दादाला?"

"नाही. नावही नाही."

"एखादी वडी? एखादा खोका?"

"काहीच नाही. वापरलं तर कंपनी त्यांच्यावर दावा लावेल."

"माझ्या चेहऱ्यासाठी? तुझ्या बापाला कोर्टात उभं करेल?"

"हो."

आत्याने उशी बाजूला ठेवली. हा ‘हो’ तिने थोडा वेळ तोंडात घोळवला. मग हात पुढे केला.

"पेन दे."

"आत्या, अगं ते संडासात..."

"तिथे मला कोणी ओळखत नाही. दे."

तिने सही केली. सावकाश, पूर्ण नावाची, गुळगुळीत बोटांतून पेन दोनदा निसटलं तरी. मग तिने शाईवर फुंकर घातली आणि कागद पुढे धरला.

"जा लवकर. कंपनीचा विचार बदलायच्या आत मला विकून टाका."

खालून दादाची हाक आली, झालं का म्हणून. धाकटीचा हात कागदाकडे जाईना, तेव्हा आत्यानेच फाइल ओढून घेतली, कागद नीट आत घातला आणि फाइल तिच्या मांडीवर ठेवली.